जुन्या सायकली आणि त्यांचे ब्रेक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, तिलकनगर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे विषय झाले. संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, आणि नावात जयपूर असूनही जे कोल्हापुरात व मुंबईत वाढले त्या गायनघराण्यावरही एक उत्तम व्याख्यान आपण ऐकले. त्या पंक्तीत सायकलीच्या ब्रेकला पाट मांडून मिळावा हे कार्यकारिणीचे औदार्य होय. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध केवळ हात काळे होण्यापुरता. तेव्हा जे सांगणार आहोत ते पाहून, हाताळून, आणि एकदा चांगलेच पोळून शिकलेले आहे.

आत येताना आपण दारापाशी तीन सायकली पाहिल्या असतील. पहिली काळी, उंच, चोवीस इंची चौकटीची सेन-रॅले. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, ती १९६२ साली पुण्यात घेतली. विलायती रॅलेचे हे आसनसोलला जन्मलेले भावंड. दुसरी आमची कॉलेजातली बी.एस.ए. एसएलआर, १९८६ सालची. तिसरी आदर्शनगरच्या एका स्नेह्यांच्या आजोबांची, इंग्लंडात बनलेली रॅले. तिच्या चाकांच्या तुंब्याच वाटीएवढ्या मोठ्या आहेत, कारण ब्रेक तुंब्यात आहे. तीन सायकली आणि थांबण्याच्या तीन तऱ्हा. आजचे भाषण म्हणजे या तिघींची ओळख.

प्रारंभीच एक तक्रार नोंदवितो. 'ब्रेक'ला मराठीत 'गतिरोधक' असा बरा शब्द होता. तो रस्त्यावरच्या उंचवट्याने पळवून नेला. आता सायकलीच्या गतिरोधकाविषयी बोलू लागलो तर श्रोते नगरपालिकेविषयी बोलू लागतात. म्हणून आम्ही ब्रेकच म्हणणार.

पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे परातीएवढे, अशी सायकल आपण चित्रात पाहिली आहे. तिचा ब्रेक म्हणजे चमच्यासारखा एक लोखंडी पत्रा. हँडलजवळची दांडी दाबली की तो वरून थेट टायरवर बसे. टायर भरीव रबराचा, तेव्हा चालून जाई. एरवी पायडलच पुढच्या चाकाला जखडलेले असल्यामुळे पायांनी चाकाचा वेग अडवायचा, हाच खरा ब्रेक. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' आली. दोन्ही चाके सारखी, मधे साखळी, म्हणजे आपण आज जिला सायकल म्हणतो ती. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच १८८८ साली आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीचे दुकान काढले. किर्लोस्करांचा नांगर सर्वांस ठाऊक असतो, पण त्या उद्योगाची सुरुवात सायकलीने झाली हे आपल्या मुलांना सांगावे लागते. हवेच्या टायरवर चमच्याने घासणे म्हणजे आपल्याच हाताने पंक्चर ओढवून घेणे. ब्रेकला टायर सोडून लोखंडी धावेकडे, म्हणजे रिमकडे, यावे लागले ते या कारणाने. येथून दोन वाटा फुटल्या. एक दांड्यांची आणि दुसरी तारेची.

दांड्यांची वाट म्हणजे आपला रॉडब्रेक. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरी तो होता, आणि तरी तो कसा चालतो हे दहांत एकालाही सांगता येत नाही. हँडलच्या खाली मुठीला समांतर अशी एक दांडी असते. ती बोटांनी वर ओढली की तिला जोडलेली उभी सळई वर येते. पुढच्या चाकाशी त्या सळईच्या टोकाला घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचा एक लोखंडी कमान-तुकडा असतो. त्याच्या दोन पायांना एकेक रबर. रिकीब वर उचलली गेली की दोन्ही रबरे रिमच्या आतल्या, तुंब्याकडे तोंड असलेल्या पृष्ठभागावर, आऱ्यांच्या दोन्ही अंगांना खालून चिकटतात. मागच्या चाकाचा प्रवास लांबचा. सळई खाली येते, तिरप्या नळीच्या बाजूने पायडलच्या धुरीपर्यंत जाते, तेथे कोनात वळणाऱ्या एका तुकड्याने दिशा बदलते आणि मागची रिकीब पुढे ओढते. या सर्व प्रवासात तार कोठेही नाही. सांधे, खिळी आणि लोखंड. म्हणूनच ती जुनी सायकल दगडी रस्त्यावरून येऊ लागली की दोन घरे अलीकडून कळत असे. अण्णा कचेरीतून येत असल्याची वर्दी आमच्या आईला त्या खडखडाटाने मिळे व चहाचे आधण चढे.

या ब्रेकसाठी रिमही वेगळी लागते. तिला 'वेस्टवूड' म्हणतात. तिच्या कडा गोलसर वळलेल्या असतात आणि आतल्या अंगाला, आऱ्यांच्या ओळीच्या दोन्ही बाजूंस, रबर टेकण्यापुरते खांदे असतात. हा रिमचा तपशील आपण कृपया ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्यावर आमचे एक घरगुती भांडण अडले आहे.

रॉडब्रेकचा मोठा गुण असा, की चाक डावीउजवीकडे थोडे डुलत असले तरी त्याला त्याचे सोयरसुतक नाही. आमच्या लहानपणी चाकाचा 'आऊट' काढणे हा पुण्यातील प्रत्येक सायकलदुकानाचा नित्यधंदा होता, पण आऊट काढावयास चार आणे नसले तरी सायकल थांबत असे. रबर बाजूने टेकत नाही, खालून टेकते, हे त्याचे कारण. चाक वरखाली उडू लागले, म्हणजे खड्ड्यात आपटून धावेला चेप आला, तर मात्र हा ब्रेक दर फेऱ्याला एकदा धरतो आणि एकदा सोडतो. दुसरा गुण, सळई तुटत नाही. आमच्या सेन-रॅलेच्या सळया साठ वर्षांनंतरही मूळच्याच आहेत. दुधाच्या बरण्या, गव्हाची पोती, गॅसचे सिलिंडर, असे मणभर ओझे वाहणाऱ्या सायकलींवर हाच ब्रेक टिकला, आणि लुधियानातून तो लावलेली काळी सायकल आजही बाहेर पडते.

दोषही सांगितले पाहिजेत. वजन अधिक, सांधे अनेक, आणि प्रत्येक सांध्यात थोडीथोडी ढिलाई. दहा ठिकाणची ती ढिलाई एकत्र झाली की दांडी हँडलला टेकेपर्यंत ब्रेक लागतच नाही. शिवाय हँडल वरखाली करावयाचे तर पुढची सळईही पुन्हा जुळवावी लागते. रबरे धावेच्या खाली अडकून असल्यामुळे रिकीब सोडविल्याविना पुढचे चाक सुखासुखी निघतही नाही. आपल्याकडे पंक्चरवाला चाक न काढता एका अंगाने ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावतो, त्याच्या या कौशल्यामागे ब्रेकची ही अडचणही आहे.

दुसरी वाट तारेची. अर्नेस्ट बाउडन याने १८९६ साली आवरणातून सरकणाऱ्या तारेचे पेटंट घेतले. बाहेर वेटोळ्यांची नळी, आत पीळदार तार. नळी कोठेही वळवा, आतली ओढ शेवटपर्यंत पोहोचते. या तारेच्या टोकाला चिमट्यासारखे दोन हात जोडले की कॅलिपर ब्रेक झाला. तो रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. आमची एसएलआर या जातीची. हलका, दिसावयास सुबक, दुरुस्तीस सोपा. परंतु चाकाला आऊट असेल तर तो क्षमा करीत नाही. रबरे दूर ठेवावीत तर ब्रेक ढिला आणि जवळ ठेवावीत तर घासतो. आणि तार तुटते. ती मध्येच तुटत नाही, मुठीपाशी जेथे शिशाची गाठ असते तेथे एकेक धागा तुटत जातो आणि नेमक्या गरजेच्या वेळी, म्हणजे हात करकचून आवळला असता, उरलेले धागे एकदम जातात. सळई आधी महिनाभर कुरकुरते. तार बोलत नाही.

तिसऱ्या सायकलीविषयी थोडक्यात. तुंब्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन पट्ट्या असतात, त्या फाकून आतल्या भिंतीला टेकतात. स्कूटरच्या ड्रमब्रेकचेच हे तत्त्व. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरने १९३० च्या दशकात असे तुंबे पुष्कळ विकले. पाऊस असो, धूळ असो, आतल्या ब्रेकला बाहेरच्या जगाची वार्ता नाही. महाग म्हणून आपल्याकडे तो फारसा रुजला नाही इतकेच. याच कुळातला आणखी एक प्रकार म्हणजे पायडल उलटे फिरविले की लागणारा. १८९८ च्या सुमारास अमेरिकेत 'न्यू डिपार्चर' आणि १९०३ साली जर्मनीत 'टॉर्पेडो' या नावांनी तो प्रसिद्धीस आला. आपल्यापैकी कोणाची मुले हॉलंडात असतील तर त्यांच्या दारात तो आजही उभा असेल.

आता पुणेकरांच्या एका श्रद्धेला हात घालतो. 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील' हा उपदेश न ऐकता मराठी माणूस सायकल शिकला असे होत नाही. आम्हांलाही अण्णांनी तोच केला. पण हिशेब काही निराळे सांगतो. ब्रेक लागला की स्वाराचा भार पुढे झुकतो; मागचे चाक हलके होते, आणि हलक्या चाकाला कितीही आवळले तरी ते घसरण्यापलीकडे काही करीत नाही. केवळ मागच्या ब्रेकने सायकल गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पाव पट जोराने थांबविता येते, पुढच्याने सुमारे निम्म्या जोराने. ताशी वीस किलोमीटर वेगात असाल तर कोरड्या रस्त्यावर मागच्या ब्रेकला सव्वासहा मीटर लागतील, पुढच्याला सव्वातीन. हा ढोबळ हिशेब आहे, ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंत गेलेले अंतर त्यात धरलेले नाही. तरीही एक म्हैस आडवी आली असता हा तीन मीटरांचा फरक कोणाच्या लेखी किती आहे हे ज्याचे त्याने ठरवावे. तोंडावर आपटण्याची भीती खोटी नव्हे. पण ती एकदम आवळण्याची भीती आहे, पुढच्या ब्रेकची नव्हे.

हे झाले कोरड्या रस्त्याचे. पाऊस आला की लोखंडी, चकचकीत मुलामा दिलेल्या रिमवर रबराची पकड कित्येक पटींनी उतरते. प्रथम काही फेरे केवळ पाणी पुसण्यात जातात आणि मग ब्रेक लागतो. विलायतेत यावर उपाय म्हणून चामड्याचा थर दिलेली रबरे मिळत. अॅल्युमिनियमच्या रिमवर ही अडचण पुष्कळ कमी असते. जयपुरात पाऊस पुण्याच्या मानाने थोडा म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण येथे वाळू आहे. पहिल्या पावसात रस्त्याच्या कडेची वाळू रिमवर चढते आणि रबर वाटेत काय काय गोळा करते ते त्याच्या अंगावर रुतलेल्या खड्यांवरून दिसते.

आता आमची हकीकत सांगतो. हा विषय आम्ही का निवडला, ते तीवरून कळेल.

अण्णा २०११ साली गेले. त्यांची सायकल पुण्याच्या वाड्यात जिन्याखाली होती. आमची बदली जयपूरला झाली, तिलकनगरात घर घेतले (नावातला 'टिळक' येथे 'तिलक' झाला असला तरी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांस पत्ता ऐकून समाधान वाटते), आणि सायकल रेल्वेने मागविली. ती पार्सल होऊन ब्रेकव्हॅनमधून आली, हा योग आम्हांस तेव्हा केवळ गमतीचा वाटला. आम्ही आणि चिरंजिवांनी मिळून ती उघडली, रॉकेलने धुतली, पॉलिशकागदाने घासली, छर्रे नवे घातले. रबरे दगडासारखी कडक झाली होती. ती टाकून नवी आणली. शनिवारी रात्री ओसरीवरच्या दिव्यात आम्ही स्वतः चारही रबरे बसविली.

दुसऱ्या दिवशी, २०२२ च्या ऑगस्टातल्या एका रविवारी, आम्ही दोघे पहाटे निघालो. 'घाट की गूणी' हा जयपूरहून आग्र्याकडे जाणारा जुना घाट. खंडाळ्याचा घाट पाहिलेल्या माणसाने त्याला घाट म्हणावे का, हा प्रश्नच आहे. पण दोन्ही अंगांस जुन्या हवेल्या आणि छत्र्या, आणि २०१३ साली बोगदा झाल्यापासून मोठी रहदारी तिकडे वळलेली, त्यामुळे पहाटे तेथे सायकलीस राजमार्ग मिळतो. रात्री पाऊस झाला होता. चिरंजीव तेव्हा सोळा वर्षांचे. ते आजोबांच्या सेन-रॅलेवर पुढे, आम्ही एसएलआरवर मागे.

सिसोदिया राणीच्या बागेच्या दिशेने उतार सुरू झाला. निम्म्या उतारावर 'टक्' असा आवाज झाला आणि काही काळे उडून आमच्या चाकासमोरून गेले. आम्हांस वाटले खडा असेल. तेवढ्यात पुढची सायकल वेग घेऊ लागली. मुलगा ओरडला, "बाबा, ब्रेक लागत नाही!" पुढची रिकीब एका रबराविना तिरपी झाली होती आणि दांडी हँडलला जाऊन टेकली होती. मागचा ब्रेक ओल्या रिमवर पाणी पुसत होता. आम्ही ओरडून "मागचा, मागचा!" म्हणत होतो. तो तो दाबीतच होता. आम्हांस त्याच्याजवळ पोहोचता येत नव्हते, आणि पोहोचलो असतो तरी काय करणार होतो? त्याने दोन्ही पाय जमिनीवर घासत नेले. पुढे एका हवेलीच्या भिंतीलगत कोणीतरी बांधकामाची वाळू टाकली होती, तीत सायकल घातली. गुडघा फुटला, कोपर सोलले, चपलेचा तळ पार गेला. भिंत त्या ढिगापासून चार हातांवर होती.

आम्ही परत चढ चढून ते रबर शोधून आणले. नवेकोरे होते. तुटले नव्हते, झिजले नव्हते. मग दोष कोणाचा?

रॉडब्रेकचे रबर ज्या लोखंडी खोबणीत बसते तिचे एक टोक बंद असते आणि एक उघडे. रबर उघड्या तोंडातून आत सरकवावयाचे असते. ब्रेक लागला की फिरणारी धाव रबराला आपल्याबरोबर ओढून नेऊ पाहते. म्हणून धाव ज्या दिशेने जाते त्या दिशेला खोबणीचे बंद तोंड असले पाहिजे. पुढच्या चाकाशी, जेथे रबर वर असते, धाव पुढे जाते. तेथे बंद तोंड पुढे. मागच्या चाकाशी रबर चाकाच्या पुढच्या अंगाला असते आणि तेथे धाव खाली जाते. तेथे बंद तोंड खाली. तीन खोबणी आम्ही बरोबर लावल्या होत्या. चौथी, पुढची उजवी, उलटी. ओसरीवर उभे असताना ती धरीत होती, सपाट रस्त्यावर हलक्या दाबाला धरीत होती. उतारावर जोराने दाबताच तिने रबर पिचकारीसारखे बाहेर टाकले.

याहून टोचणारी गोष्ट निराळीच. सायकल धुताना त्या चारही खोबणींच्या एकेका टोकाला तांबड्या रंगाचा बारीक ठिपका होता. आम्हांस वाटले, कधीकाळी दाराला रंग देताना ठिबकला असेल. आम्ही चारही ठिपके पॉलिशकागदाने मोठ्या निगुतीने घासून काढले. ते अण्णांनी घातले होते. बंद तोंड ओळखण्यासाठी. चाळीस वर्षे ते दर पावसाळ्याआधी रबरे स्वतः बदलीत, आम्ही शेजारी बसून पान्हा हातात देत असू, आणि ठिपका कशासाठी हे एकदाही विचारले नाही.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी गुडघ्याला हळद लावली आणि सायकल गच्चीवर ठेवण्याचा हुकूम काढला. ती दोन महिने गच्चीवर होती. मिस्त्रीचे मत पडले की रॉडब्रेक काढून कॅलिपर बसवावा. आम्हांसही ते पटले होते. विरोध केला तो चिरंजिवांनी, आणि तोही भावनेच्या भरात नव्हे. ते म्हणाले, "बाबा, या रिमला बाजूच नाही. चिमटा धरणार कुठं?" वर सांगितलेला वेस्टवूड रिमचा तपशील तो हाच. गोलसर कडेवर कॅलिपरचे रबर नीट टेकत नाही. तेव्हा ब्रेक बदलावयाचा म्हणजे रिमा बदलावयाच्या, रिमा बदलावयाच्या म्हणजे आरे नव्याने ओवावयाचे, चिमटा बसविण्यास पुढचा चिमटा-फोर्कही बदलावयाचा. मग अण्णांची म्हणून जी उरते ती चौकट आणि घंटी. सौ.चे म्हणणे असे, की चौकट आणि घंटी पुरे, मुलगा शाबूत पाहिजे. या वादात दोन्ही पक्ष बरोबर आहेत असे आमचे मत आहे, आणि असे मत असणाऱ्या माणसाची घरात काय स्थिती होते ते आपण जाणताच.

तडजोड अशी झाली. रॉडब्रेक राहिले. रबरे दर सहा महिन्यांनी बदलावयाची. सायकल सपाट रस्त्यावर, कोरड्या दिवशी चालवावयाची. घाटात ती जाणार नाही. घाटासाठी एसएलआर आहे, तिची तार दरवर्षी नवी.

एक सूचना ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्यासाठी. आपल्याकडे, इंग्रजांच्या रीतीप्रमाणे, उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. अमेरिकेत उजव्या हाताला मागचा आणि डाव्याला पुढचा. येथे ज्याने आयुष्यभर डावा हात निर्धास्तपणे आवळला, त्याने तेथे भाड्याची सायकल घेऊन तोच आवळला तर अण्णांची भविष्यवाणी खरी ठरेल. सायकलीवर बसण्यापूर्वी ती हाताने ढकलून एकेक ब्रेक दाबून पाहावा, दहा पावलांत कळते.

पुण्यास जाणे झाल्यास कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे सायकलसंग्रहालय अवश्य पाहावे. युद्धकाळातली, विमानातून सैनिकांबरोबर उतरविण्यासाठी बनलेली बी.एस.ए.ची घडीची सायकल तेथे आहे. आम्ही मात्र तेथे अर्धा दिवस गुडघ्यांवर बसून खोबणींची तोंडे पाहत होतो. इतर प्रेक्षकांचा काय समज झाला असेल तो असो.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, जिन्याखाली, किंवा गावाकडच्या पडवीत अशी एखादी सायकल उभी असणार. ती बाहेर काढलीत तर घासण्यापूर्वी तिच्यावरचा प्रत्येक ठिपका, प्रत्येक गुंडाळलेला दोरा, प्रत्येक ओरखडा कोणी का केला असेल याचा विचार करावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, ते आहेत तोवर, विचारावे. रबरे आणून कोणास बसविता येत नसतील तर रविवारी सकाळी सायकल आमच्या ओसरीवर आणावी. पान्हे आमच्याकडे आहेत. बसविण्याचे काम हल्ली चिरंजीव करतात, आम्ही पान्हा हातात देतो. चारही खोबणींवर त्यांनी तांबडे ठिपके पुन्हा घातले आहेत, त्यांच्या आईच्या नखांच्या रंगाने. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी दारापाशी यावे. ठिपके बारीक आहेत, पण टॉर्च आणला आहे.